ऐंशीला काढा, विसाला लावा!

रात्रभर चार्जिंगला लावला की मोबाइलच्या बॅटरीचं वाटोळं होतं, ही गोष्ट पुंडलिकला जितकी पक्की ठाऊक होती तितकी स्वतःच्या लग्नाची तारीखही ठाऊक नव्हती! रोह्याजवळच्या धाटावमधल्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता. पंप, मोटारी आणि पॅनेल यांच्या संगतीत उभी हयात गेलेली. त्यामुळे जिला वायर आहे अशी जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला विचारूनच चालते, अशी त्याची ठाम समजूत होती.

"बॅटरी म्हंजे पोट!" तो म्हणे. "ऐंशीला काढा, विसाला लावा. लग्नाची पंगत हाय म्हणून आपण काय रात्रभर जेवतो काय?"

या प्रश्नाला अष्टमी गावातल्या त्याच्या आळीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून हळूहळू सगळी आळी त्याच्या नादी लागली. झोपायच्या आधी घराघरांतून चार्जर उपटले जाऊ लागले. कुणीतरी एकदा पुंडलिकला दाखवायला पॉवर बँक आणली, तर त्याने ती आल्या पावली परत पाठवली. "बॅटरीनं बॅटरीला भरवायचं? एका आजाऱ्याचं रक्त काढून दुसऱ्या आजाऱ्याला?" तो माणूस इतका घाबरला की त्याने ती पॉवर बँक कपाटात कपड्यांखाली लपवून ठेवली.

पुंडलिकच्या घरात तर याबाबत लष्करी शिस्त होती. बायको अनिता सुटली होती, कारण तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि तो तिने चार दिवसांपूर्वी कधीतरी चार्ज केलेला असायचा. भोग होते ते भाविकाचे. भाविका ही त्यांची एकुलती एक मुलगी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. दोन वर्षं अर्ज करून करून थकलेली. शेवटी पेणच्या एका कंपनीच्या लॅबमधून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. शनिवारी सकाळी अकराला, मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने!

घरात आनंदीआनंद झाला. आणि लगोलग वीज कंपनीचा मेसेज आला की लाइनच्या कामासाठी शनिवारी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत अष्टमीतली वीज बंद राहील.

"आता?" अनिता म्हणाली.

"आता काय? काकांचा इन्व्हर्टर हाय ना!" पुंडलिक म्हणाला.

काका म्हणजे आळीच्या टोकाला राहणारे डेव्हिड अष्टमकर. आळीतली बाकीची ज्यू घरं केव्हाच इस्राएलला गेली. काकांची मुलगी शीराही गेली. काका मात्र "मला तिकडे सुकट कोण देणार?" म्हणून इथेच राहिले. बापाची आबाळ होऊ नये म्हणून शीराने त्यांना दांडगा इन्व्हर्टर बसवून दिला होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काका हवे ते दिवे आणि पंखे लावून ठेवत. त्यानंतर शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत ते कुठल्याही स्विचला हात लावत नसत, आणि दुसऱ्या कुणाला "लाव" किंवा "बंद कर" असंही सांगत नसत. हा शब्बाथचा नियम आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. शनिवारी वीज जाणार म्हटल्यावर काकांनी शुक्रवारी दुपारीच ओटीवर एक लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड काढून ठेवला होता. ज्याने त्याने यावं, आपापला फोन लावावा!

शुक्रवारी दिवेलागणीनंतर पुंडलिक काकांची शिडी परत द्यायला गेला. शिडी भिंतीला टेकवली आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरवर गेली. चार्जिंगचा हिरवा दिवा लागलेला.

"काका, हा रात्री पण चार्जिंगलाच असतो काय?"

"बसवला तेव्हापासून," काका म्हणाले. "मस्त चाललाय."

"मस्त?" पुंडलिकच्या अंगावर काटाच आला. "अवो, आतून सुजला असेल बिचारा! ही पण बॅटरीच ना? माणसानं मोबाइलची काळजी घ्यायची नि या गरिबाला रात्रंदिवस कोंबत बसायचं?"

आणि टक्! पुंडलिकने भिंतीवरचा स्विच बंद केला.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "नको" म्हणायला शब्बाथची काही आडकाठी नव्हती. पण ते म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुंडलिकने दिलाच नव्हता. आणि आता "पुन्हा लाव" म्हणायची सोय उरली नव्हती. दिवे क्षणभर लुकलुकले आणि पुन्हा नीट लागले.

"बघा! काय फरक पडला?" पुंडलिक विजयी मुद्रेने म्हणाला.

काकांनी घसा साफ केला. त्यांनी शब्द अगदी जपून निवडले. "पुंडलिक, काही घरं अशी असतात बघ. बाहेरून येणारं बंद झालं की आतल्या साठ्यावर रात्र काढतात. सकाळी मग हाती काय नाय राहत."

पुंडलिक गंभीर झाला. शुक्रवारची संध्याकाळ, टेबलावर दिवा तेवतोय, म्हातारा माणूस बोलतोय. काहीतरी धर्माचं असणार! त्याने हात जोडले. "खरंय काका. माणसानं आत साठा ठेवावा."

"मी माणसाचं बोलत नाय रे!"

"समजलो. आत्म्याचं."

काकांनी फिरणाऱ्या पंख्याकडे हताशपणे पाहिलं. "शब्बाथ शालोम!" असा काकांच्या पद्धतीचा खणखणीत रामराम ठोकून पुंडलिक उड्या मारत घरी आला. एका मुक्या जिवाचे प्राण वाचवल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

घरी भाविकाने फोन चार्जिंगला लावला होता. झोपण्यापूर्वी पुंडलिकने पाहिलं, एकतीस टक्के. आता आपण झोपणार, म्हणजे ऐंशी झाल्यावर काढणार कोण? त्याने हळूच पिन उपटली, फोन पोरीच्या उशाशी ठेवला आणि निजला. मुलीचं भलं केल्यावर लागते तशी गाढ झोप त्याला लागली.

पहाटे वीज गेली. साडेनऊला तयार होऊन भाविकाने फोन हातात घेतला आणि तिची किंकाळी ऐकून अनिताच्या हातातलं दूध सांडलं.

"आई! बावीस टक्के! मी रात्री लावला होता फोन!"

"मी काढला," पुंडलिक दात घासता घासता अभिमानाने म्हणाला. "नि घाबरायचं काय त्यात? विसापेक्षा दोन जास्तच हायेत!"

"बाबा, व्हिडिओ कॉल आहे तो! आणि माझ्या फोनची बॅटरी आधीच म्हातारी. अर्ध्या मुलाखतीत बंद पडेल!"

पुंडलिकचा स्वतःचा फोन? तो वीस टक्क्यांवर होता, आणि त्याचा कॅमेरा गेल्या गणपतीतच निकामी झाला होता. अनिताच्या फोनवर माणूस दिसणं तर दूरच, नावही पूर्ण दिसत नसे. पण पुंडलिक डगमगला नाही. "चल काकांकडे. तासाभरात भरून टाकतो!"

काकांच्या ओटीवर अर्धी आळी जमली होती. रात्री चार्जर उपटून झोपलेली, पुंडलिकची एकनिष्ठ भक्तमंडळी! बोर्डाला इतके चार्जर लटकले होते की बोर्ड दिसतच नव्हता. आणि एकही फोन चार्ज होत नव्हता. आतून इन्व्हर्टरचा केविलवाणा आवाज येत होता. पीं... पीं...

"सरका सगळी! मला बघू द्या," पुंडलिक बाह्या सरसावत आत घुसला. त्याने इन्व्हर्टरला कान लावला, पाठीवर थाप मारली, वायर हलवून पाहिली. मग भिंतीकडे नजर गेली आणि तो गरजला, "हे बघा! कुण्या गाढवानं चार्जिंगचं बटणच बंद करून ठेवलंय! रात्रभर घर बॅटरीवर चाललं, आता काय राहणार आत? कोण तो अक्कलशून्य?"

खुर्चीत बसलेल्या काकांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं.

"त्याचं नाव घ्यायला शब्बाथची बंदी नाय," ते म्हणाले. "पण शेजारधर्म आड येतो."

पुंडलिकचा हात अजून स्विचवरच होता. हळूहळू त्याला त्या स्विचचा स्पर्श ओळखीचा वाटू लागला. काल संध्याकाळ आठवली, शिडी आठवली, आणि आत्मासुद्धा आठवला! त्याने मान वळवली. दारात अनिता उभी होती. कमरेवर हात. तिला काही विचारावं लागलं नाही, बाकीच्यांनाही नाही.

"अहो," अनिता एवढंच म्हणाली.

भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते ती बापाला दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत होती. पोरगी भांडली असती तर त्याने दहा मुद्दे काढले असते. रडणाऱ्या पोरीला काय सांगायचं हे कुठल्याच मशीनने त्याला शिकवलं नव्हतं. दोन वर्षं तिने वाट पाहिली, आणि आपण एका पिनेपायी सगळं घालवलं, हे त्याला आत लागलं.

पण हा पडला मेंटेनन्सचा माणूस. लाइन बंद पडली की डोकं धरून बसायचं नाही, दुसरी लाइन शोधायची! त्याने भाविकाचा हात धरला आणि नदीवरच्या पुलाकडे धूम ठोकली. मागून अनिता धावली.

पुलाच्या तोंडाशी काळुरामची मिनीडोर रिक्षा उभी होती. सहा सीटची, डिझेलवर धडधडणारी, आणि स्टिअरिंगशेजारी मोबाइल चार्जर असलेली!

"दोन शीट कमी हायेत," काळुराम म्हणाला. "भरल्याबिगर हालनार नाय."

"हालूच नको!" पुंडलिक ओरडला. "अजिबात हालू नको! नुसतं इंजिन चालू ठेव!"

काळुरामच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक पहिलंच. भाविका पुढच्या सीटवर बसली. मागे सुक्या मासळीची पाटी मांडीवर घेऊन धोंडुबाई बसली होती. "देवा जनार्दना! काय चाललंय गो पोरी?"

"इंटरव्ह्यू हाय तिचा. तुम्ही बोलू नका, नि पाटी झाका!" अनिता म्हणाली.

फोन चार्जरला लावला, पण चार्जरची पिन ढिली. हात सोडला की बंद! मग पुंडलिक पुढच्या सीटच्या पायथ्याशी उकिडवा शिरला आणि पिन अंगठ्याने दाबून धरून बसला. ज्या माणसाने जन्मभर आळीच्या पिना उपटल्या, तो आता एका पिनेला प्राण कंठाशी आणून धरून बसला होता. अकराच्या ठोक्याला स्क्रीनवर साहेब उमटले.

"मॅडम, तुम्ही थरथरताय. घाबरू नका."

"नाही सर, मी घाबरले नाही. इंजिन चालू आहे," भाविका म्हणाली. तिने दोन वाक्यांत सगळी हकीकत सांगून टाकली. साहेब हसले. मग लॅबचे प्रश्न निघाले. टायट्रेशन झालं, पीएच झाला, ॲसिड अंगावर सांडलं तर काय करायचं ते झालं. पुंडलिकच्या पायाला मुंग्या आल्या, अंगठा बधिर झाला, तोंडासमोर डिझेलचा धूर. पण त्याने पिन सोडली नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, "समजा, प्लांटमध्ये एखादे वयाने मोठे कर्मचारी चुकीचं सांगतायत. पण आपलंच बरोबर अशी त्यांची पक्की खात्री आहे. तुम्ही काय कराल?"

भाविकाने क्षणभर खाली, बापाच्या टकलाकडे पाहिलं.

"वाद घालणार नाही, सर. ते गेल्यावर त्यांनी हात लावलेला प्रत्येक स्विच तपासून बघीन."

खालून एक ठसका ऐकू आला. मागे धोंडुबाई खुदकन हसली. साहेबांनी तर टेबलावर थाप मारली!

नोकरी मिळाली. पुंडलिकने आळीभर सांगितलं, "माझ्या अंगठ्यावर मिळाली!" आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं, म्हणून कुणी फारसं टोकलं नाही. शिफ्टची नोकरी, रोज रोह्याहून जाणं-येणं जमणार नाही, म्हणून भाविकाने पेणला रामवाडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. पुंडलिक स्वतः सामान घेऊन सोडून आला.

त्याच रात्री जेवण झाल्यावर त्याने फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंद!

"बॅटरी संपली तिची," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझंच आयकलं असणार पोरीनं. रात्री लावायचा नाय म्हणून लावलाच नसेल. आता काय अडलं-नडलं तर फोन कुठून करेल गो ती?"

"झोपली असेल. झोपा तुम्ही पण," अनिता म्हणाली. पण पुंडलिकची काही झोप झाली नाही. सकाळी फोन लागला तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच.

"भाविका! आयक! रात्री लावत जा फोन. रात्रभर लाव! शंभर होऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. बॅटरी काय, नवी मिळते गो!"

पलीकडून भाविका म्हणाली, "अहो बाबा, रात्रभर चार्जिंगलाच होता. बंद केला होता तो तुमचे फोन येत राहतील म्हणून. आज कामाचा पहिला दिवस आहे, झोप हवी होती."

पुंडलिकने फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाली?" अनिताने विचारलं.

"काय नाय," पुंडलिक म्हणाला. "झोप चांगली लागली म्हणते."