गोटीरामांची ऑप्टिक्स-रेडी कंबर

शस्त्र हे संरक्षणासाठी असते, आणि माणसाला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज लग्नसमारंभात पडते. जंगलात वाघ फार तर जीव घेतो. लग्नाच्या लॉन्सवर पहिल्या रांगेतला सोफा घेतला जातो, तोही सगळ्या पैपाहुण्यांच्या देखत. नाशिक परिसरातल्या विचारी माणसांनी हा धोका वेळीच ओळखला. म्हणूनच परवान्याचं पिस्तूल बाळगणारे आपल्याकडचे सद्गृहस्थ लढाईपेक्षा लग्नात जास्त आढळतात. (लढाईत आढळल्याची नोंद नाही.)

गोटीरामांना हे ज्ञान जरा उशिरा झालं. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा झेंडू आणि गुलाबाचा मळा होता. अर्धा मळा रस्त्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेला, आणि गोटीराम एका रात्रीत गोटीरामशेठ झाले. पदवी मिळाली, गाडी आली, घरावर काचेची गॅलरी आली. उरला होता फक्त सोफा. गेल्या वैशाखात मेहुण्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तोही मिळाला. शेजारी सायखेड्याचे व्याही बसले होते, ज्यांच्या घरात गोटीरामांची दीपमाला नुकतीच नांदायला गेली होती. दोघांचं कांद्याच्या भावावर छान जमलं होतं, आणि तेवढ्यात माइकवरून खडीक्रशरवाल्या भिकाशेठचं आगमन पुकारलं गेलं.

एक कार्यकर्ता गोटीरामांच्या कानाशी वाकला. "काका, जरा मागं सरकता का? भिकाशेठ आलेत."

गोटीराम जनरेटरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गेले. व्याह्यांनी भल्या मनानं दुसरीकडे पाहिलं, आणि ते गोटीरामांना सगळ्यात जास्त लागलं. भिकाशेठ सोफ्यावर टेकताना त्यांचा सफारी जरासा वर सरकला, आत पिस्तुलाच्या म्यानाचं चामडं चमकलं, आणि गोटीरामांना सगळा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी दीपमालाचा फोन आला. "नाना, तुम्ही मागं का जाऊन बसले? मामंजी काय बोलले नाय, पन मला लय वाईट वाटलं." पोटची पोर ज्या घरात राहते त्या घराच्या कर्त्यापुढे आपल्याला उठवलं गेलं, या लाजेनं गोटीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहुण्याच्या धाकटीचं लग्न पुढच्या वैशाखात होतं. लॉन्स तीच, व्याहीही तेच असणार होते. हातात एक वर्ष होतं.

परवान्याचा मार्ग सरळ आहे. अर्जदाराच्या जिवाला धोका असला म्हणजे झालं. गोटीरामांची पंचाईत इथंच झाली, कारण त्यांच्या जिवावर कोणीच उठलेलं नव्हतं. साहेबांनी "तुम्हाला शत्रू कोण?" असं विचारल्यावर त्यांना खजील व्हायला झालं. (चारचौघांत आपल्याला एकही शत्रू नाही हे कबूल करणं प्रतिष्ठित माणसाला जड जातं.) शेवटी ते बांधाचं जुनं भांडण असलेल्या चुलतभावाकडे गेले आणि तुझं नाव घालू का म्हणाले. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "आपलं मिटलं ना दादा आता! मला कशाला मोठा करतो?" पण गोटीरामांनी त्याला कुळाची शपथ घातली, दोघांनी मिळून धमकी तयार केली, आणि वर्षाच्या आत परवाना हातात पडला. पेढे चुलतभावानंच वाटले.

मग निवड आली. द्वारका चौकाजवळच्या एका माडीवर शस्त्रांचं दुकान आहे. तिथल्या मयूरशेठनं काचेवर मखमलीचा तुकडा अंथरून त्यावर बत्तीस बोअरचं एक छोटं पिस्तूल ठेवलं.

"काका, ह्याला म्हणतात कॉम्पॅक्ट. कमरेला लावा, वरून शर्ट सोडा. कोणाच्या बापाला पत्ता लागणार नाही."

गोटीरामांचा चेहरा पडला. "मग घ्यायचं कशाला?"

मयूरशेठ मुरलेला दुकानदार होता. त्यानं मान डोलावली आणि मोठं पिस्तूल काढलं. ते गोटीरामांच्या कमरेला लावल्यावर असं दिसलं की शेजारच्या गिऱ्हाइकानं आपलं बोलणं थांबवलं. गोटीराम खूश झाले. पण मयूरशेठनं बोट हलवलं. शस्त्र उघड मिरवायचं नाही, असा नियम आहे. लग्नात कुण्या पाहुण्यानं मोबाइलवर शूटिंग केलं, ते पोरांनी गाणं लावून फिरवलं, की परवाना गेला. भगूरकडच्या एका शेठचा असाच गेला होता, आणि आता ते लग्नाला गेले तरी जेवून लगेच निघतात.

थोडक्यात, शासनाचं धोरण असं होतं की ते दाखवायचं नाही, आणि समाजाचं धोरण असं होतं की ते दिसलं पाहिजे. सुजाण नागरिकानं दोन्ही धोरणांचा मान राखायचा असतो. आदर्श पिस्तूल पहिल्या नजरेला दिसू नये, दुसरीला शंका यावी, आणि तिसरी नजर पडायच्या आत पाहणाऱ्यानं खुर्ची सोडावी. गोटीरामांनी यावर बराच अभ्यास केला होता. त्यांच्या पाहणीनुसार लॉन्सवरच्या दर दहा फुगवट्यांतले सहा पोटाचे, तीन मोबाइलचे आणि एक परवान्याचा असतो. (पाहणी नजरेनं केलेली असल्यामुळे थोडी चूकभूल संभवते. एक फुगवटा पुढे हर्नियाचा निघाला.)

छोट्या पिस्तुलाची मग रीतसर चाचणी झाली. पुढं लावलं तर ते गोटीरामांच्या पोटाखाली असं नाहीसं झालं की काढताना खुद्द त्यांनाच शोधावं लागलं. मागं लावलं तर उभं असताना झकास दिसायचं, पण गोटीरामांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला, "दुकानात सोफा हाय का?" सोफा नव्हता. मयूरशेठच्या खुर्चीला टेकून पाहिलं तर पिस्तूल मणक्यात घुसलं. ज्या सोफ्यासाठी एवढा खटाटोप, त्यावरच टेकता येत नसेल तर काय उपयोग? उरली उजवी बाजू. तिथं बसायला अडचण नव्हती, पण पिस्तूल इतकं सपाट बसलं की ते परवान्याचं वाटेना, पाकिटाचं वाटू लागलं.

तेव्हा मयूरशेठनं आवाज खाली आणला. "काका, मग तुम्ही ऑप्टिक्स-रेडी घ्या. म्हणजे वर दुर्बीण बसते."

त्यानं तसंच दुसरं पिस्तूल काढलं. त्याच्या माथ्यावरची पट्टी दोन स्क्रूंनी सुटत होती आणि तिथं नखाएवढी काच असलेली एक डबी बसत होती. काचेत डोळा लावला की लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. मयूरशेठ अंतर, नेम, हाताचा कंप असं बरंच काही सांगत होता. गोटीरामांनी काचेत पाहिलंच नाही. त्यांनी ते उजव्या कमरेला लावलं, शर्ट सोडला आणि आरशात पाहिलं. कापडाखालून त्या डबीचा एक नेमका, टोकदार, सभ्य उंचवटा वर आला होता. पाकिटाला असा उंचवटा येत नाही. मोबाइलला तर नाहीच नाही. दुर्बिणीतून आपल्याला लांबचं दिसतं, हा सर्वसाधारण समज झाला. गोटीरामांना दुर्बीण हवी होती ती लांबच्या माणसांना गोटीराम दिसावेत म्हणून.

"हेच," ते म्हणाले. गोळ्या घेण्याची आठवण मयूरशेठनंच करून दिली.

पुढचं काम बहिरू टेलरनं केलं. त्यानं लग्नासाठी असा कुर्ता शिवला की डावी बाजू ढगळ आणि उजवी पिस्तुलासकट अंगाबरोबर. गोजराबाईंनी नवऱ्याला घरभर चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, नमस्कार करायला लावलं. "जरा उजवीकडं वळून करा नमस्कार," त्या म्हणाल्या. "हां, आत्ता आला!" त्यांना पिस्तुलातलं काही कळत नव्हतं, पण व्याह्यांपुढं नवऱ्याची मान खाली गेलेली त्यांनीही पाहिली होती.

लग्नाला आठवडा राहिला आणि निवडणूक लागली.

निवडणूक लागली की आचारसंहिता लागते, आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. गोटीराम ठाण्यावर गेले तर बाहेरपर्यंत रांग. आजूबाजूच्या सगळ्या लग्नांतल्या पहिल्या रांगा तिथं एका रांगेत उभ्या होत्या. (त्यांतल्या बऱ्याच जणांची समारंभात उभं राहण्याची ही पहिलीच वेळ असावी.) भिकाशेठ गोटीरामांच्या पुढंच होते. दोघांनी एकमेकांची पिस्तुलं जमा होताना नीट पाहिली. पोलिसानं भिकाशेठचं पिस्तूल कापडात बांधताना "कधी उडवलंय का?" असं सहज विचारलं. भिकाशेठनं भिंतीवरचा सूचनाफलक वाचायला घेतला.

लग्नाच्या दिवशी गोटीराम कुर्ता घालून पलंगावर बसून राहिले. उजवी बाजू रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

"मी काय येत नाय," ते म्हणाले. "परत त्या जनरेटरपाशी बसायचं, अन् दीपमालानं ते बघायचं. जीव जाईल माझा."

गोजराबाई स्वयंपाकघरात गेल्या. टोपली धुंडाळून त्यांनी आल्याचा एक जाडजूड गड्डा निवडला. एक कोंब मुठीसारखा वाकलेला, एक नळीसारखा सरळ, आणि माथ्यावर नेमक्या जागी एक छोटी गाठ. म्हणजे आलं ऑप्टिक्स-रेडी होतं. त्यांनी ते पुसून पिस्तुलाच्या रिकाम्या कातडी म्यानात बसवलं आणि नवऱ्याच्या कमरेला लावून कुर्ता खाली ओढला.

"आवो, पन सगळ्यांला ठाऊक हाय, हत्यारं ठाण्यात हायेत!"

"ठाऊक असंल," गोजराबाई म्हणाल्या. "चला, उशीर व्हतोय."

गोटीराम लॉन्सच्या कमानीपाशी पोचले. त्यांनी उजवीकडे वळून नमस्कार केला. माइकवाल्याची नजर कमरेवर गेली, तिथं अडकली, आणि पुढच्या क्षणी स्पीकर कडाडला, "आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, सन्माननीय गोटीरामशेठ यांचं आगमन झालेलं आहे!" तोच कार्यकर्ता धावत आला, या खेपेला वाट मोकळी करत. सायखेड्याचे व्याही सोफ्यावरून उठून दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले, "या, या, माझ्याजवळ बसा." बायकांच्या बाजूला दीपमालानं सासूला कोपरानं हलवून "आमचे नाना" असं दाखवलं. इतका आनंद गोटीरामांना परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

टॉवेल-टोपीचा मान झाला, गळ्यात हार पडला. मग भिकाशेठ आले आणि तसाच हार घालून गोटीरामांच्या दुसऱ्या बाजूला बसले. थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं. "कुठंतरी आल्याचा चहा टाकलेला दिसतोय," ते म्हणाले. गोटीरामांनाही मघापासून चंदनाच्या साबणाचा वास येत होता, आणि तो भिकाशेठच्या उजव्या कमरेकडून येत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी आपापला हार सारखा केला. पुढं मंगलाष्टकं होईपर्यंत ते वधूवरांच्या उज्ज्वल भवितव्याविषयी बोलत राहिले.

आता एक बारीकसा तपशील तेवढा उरला. गोटीराम पोचले तेव्हा व्याह्यांशेजारची ती जागा रिकामी नव्हती. तिथं एक गृहस्थ बसले होते. शिकलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि ही पिस्तूलवाली शेठमंडळी मनापासून न आवडणारे. हत्यारं जमा झाल्याची बातमी त्यांनी सकाळीच पेपरात वाचली होती, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि बरं झालं, असंही म्हणाले होते. गोटीरामांच्या कमरेवर त्यांची नजर गेली मात्र, ते उठले. "बसा शेठ, बसा, मी असाच टेकलो होतो," म्हणत त्यांनी सोफा हातानं झटकून दिला आणि हसत हसत मागं निघून गेले. त्यांना कोणीही ऊठ म्हटलं नव्हतं. आल्यानं तर नाहीच.

त्यांचं नाव इथं मुद्दाम देत नाही. तुम्हाला ते माहीत आहे. आहेराच्या पाकिटावर तुम्हीच तर ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.