मयत हजर आहे

घड्याळजी आठवडाभर दिसले नाहीत, तेव्हा त्यांचा खून झाला असल्याचं इमारतीत सर्वांच्या एकदमच लक्षात आलं. खून कुणी केला याबाबतही मतभेद नव्हते. घरात माणसं दोन. त्यातलं एक नाहीसं झालं तर राहिलेल्याकडेच बोट जाणार. राहिल्या होत्या घड्याळजींच्या पत्नी, म्हणजे काकू.

तक्रार वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी दिली. त्या कधी कुणाबद्दल वाईट बोलत नसत. जे दिसेल तेवढंच सांगत. आणि त्यांना बरंच दिसे.

इन्स्पेक्टर सकाळीच आले. काकूंचं रोज दुपारी बारापर्यंत मौन असतं, हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

"नवरा कुठे आहे?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

काकूंनी हात जोडले आणि भिंतीवरच्या घड्याळातल्या बाराच्या आकड्याकडे बोट दाखवलं. पंचनाम्यात नोंद झाली, 'आरोपीने हात जोडून गुन्ह्याची वेळ दर्शविली.'

बारा वाजताच काकू स्वतः चौकीत गेल्या. "अहो साहेब, ते डोंगरापलीकडच्या गावी गेलेत. मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलंय, ते दुरुस्त करायला."

"हत्यारांची पेटी घरीच ठेवून?"

"त्या घड्याळाला ही नाजूक हत्यारं काय करायचीत? तिकडं पाने लागतात, हे एवढे!"

"फोनही घरी?"

"तो ते नेहमीच विसरतात."

"विचारलं तेव्हा गप्प, आता तोंडपाठ," इन्स्पेक्टर समाधानाने म्हणाले. "याला पश्चातबुद्धी म्हणतात, काकू. बसा आत."

खुनाला साक्षीदार नव्हता, प्रेतही नव्हतं. पण त्यामुळे इन्स्पेक्टर खचले नाहीत. त्यांनी इमारतीतल्या लोकांना जमवून समजावलं, "माणूस खोटं बोलतो, परिस्थिती बोलत नाही. एकेक कडी आणा. साखळी मी जोडतो."

लोकांनी हयगय केली नाही. इस्त्रीवाल्याने सांगितलं की आठवडाभर फक्त साड्याच येताहेत. तळमजल्यावरच्या मास्तरांनी काकूंना नवी सुरी आणताना पाहिलं होतं, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या मोरीतून धो धो पाणी वाहत होतं. वहिनींनी डोळे पुसत सर्वांत भयंकर गोष्ट सांगितली, "परवा त्या एकट्याच हसत होत्या हो! घरात कुणी नसताना!"

"हेतू?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

सगळे विचारात पडले. अखेर मास्तर खोकून म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं झालीत, साहेब."

"एवढं पुरे," विवाहित इन्स्पेक्टर म्हणाले.

काकूंची कोठडी वाढवून मागायला प्रकरण न्यायालयात उभं राहिलं, तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. सरकारी वकील साखळीची शेवटची कडी जोडत असतानाच दार ढकलून घड्याळजी आत आले. हातावर वंगणाचे डाग, चेहरा उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली.

"अगं, घराला कुलूप! चौकीत विचारलं, तर म्हणाले कोर्टात बघा. आणि तू इथे?"

शिरस्तेदार गोंधळून उठला. "साहेब, मयत हजर आहे."

सरकारी वकील डगमगले नाहीत. "हा इसम आरोपीचा जवळचा नातेवाईक असल्याचा दावा करतो. अशा हितसंबंधी साक्षीदारावर कितपत विसंबायचं?"

ओळख पटवायला वहिनींना पुढे बोलावलं. त्यांनी घड्याळजींना खालून वर न्याहाळलं. "दिसतात तसेच. पण आमचे घड्याळजी इतके ताजेतवाने कधीच नव्हते. शिवाय मी शपथेवर रडलेय. आता शब्द कसा फिरवू?"

"वहिनी, मी गावी जायच्या आदल्या दिवशीसुद्धा माझ्याकडून साखर नेलीत की हो!" घड्याळजी कळवळले. मग काकूंकडे वळले. "अगं, तू तरी सांग ना मी कोण ते!"

काकूंनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं, हात जोडले आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

"पाहिलंत?" सरकारी वकील म्हणाले. "खुद्द पत्नीही ओळखायला तयार नाही."

न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि फाइल मिटून स्वस्थ बसून राहिले. बाराचे टोले पडले.

"अहो, जेवलात का?" काकूंनी विचारलं.

न्यायाधीशांनी लेखणी उचलली. असा प्रश्न परक्या माणसाला त्या सुरात कुणी विचारत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पण अनुभव हा पुरावा नसल्याने त्यांनी आदेश दिला, 'मयत तूर्त जिवंत दिसत असल्याने आरोपीस सोडण्यात यावे. तपास चालू ठेवावा.'

इमारतीत काकू परतल्या, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. पुरावा कमी पडला म्हणून सुटल्या, असं लोक म्हणतात. संध्याकाळी दोघं गॅलरीत चहा घेत बसतात, तेव्हा वहिनी पडद्याआडून पुटपुटतात, "किती बेरकी बाई! मारलेल्या माणसालासुद्धा चहाला बसवते."

आपण अर्थातच तसे नाही. घड्याळजी आत आले तेव्हा आपल्याला मनापासून बरं वाटलं. फक्त ती नवी सुरी कशाला आणली होती, एवढं अजून मनात राहिलंय. तिथे बारानंतर कधीही जाऊन विचारता येतं. अजून कुणी गेलेलं नाही.