एकेचाळीस बेवारस चष्मे

चष्मे आले तेव्हा प्रत्येक डबीवर चार लोगो होते आणि नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

कोळेकरवस्तीच्या समाजमंदिरात सतरंजीवर एकेचाळीस डब्या ओळीनं मांडल्या होत्या. वस्तीची आशा सेविका धनश्री हिनं त्यातल्या दोनतीन उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, "सर, नावं कुठायत?"

"नावं आहेत ना," इंद्रजीत म्हणाला. "स्टिकरच्या खाली आहेत."

इंद्रजीत हा 'आरोग्य समता भागीदारी'चा समन्वयक. शहरातल्या माणसाला जे उपचार मिळतात ते वस्तीवरच्या माणसालाही मिळावेत, यासाठी चार भागीदार एकत्र आले होते. सणसवाडीची एक कंपनी पैसे देणार होती, पुण्याची एक संस्था यंत्रं आणणार होती, सरकारी आरोग्य केंद्र माणसं पुरवणार होतं आणि सोनमाळ ग्रामपंचायत 'आवश्यक ते सहकार्य' करणार होती. ते म्हणजे काय, हे कुणी विचारलं नव्हतं. समाजातली विषमता घालवायची तर निदान भागीदारांत ती असू नये, म्हणून चौघांचेही लोगो एकाच आकाराचे असावेत, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. चार सारखे लोगो चिकटवल्यावर डबी संपली. चष्मेवाल्यानं लावलेली नावाची चिठ्ठी चौथ्या लोगोखाली गेली.

"मग काढू की सोलून," धनश्री म्हणाली आणि नखानं एक कोपरा उचलला.

स्टिकर कंपनीनं दिलेलं होतं. ते मुळात उन्हापावसात फिरणाऱ्या टँकरसाठी बनवलेलं. ते निघालं, पण येताना चिठ्ठी घेऊनच आलं. सहा डब्या सोलल्यावर एका डबीवर कसंबसं '...बाई' एवढं शिल्लक राहिलं. यादीत तेवीस बायका होत्या आणि त्यातल्या एकोणीस जणींच्या नावामागे बाई होतं.

धनश्रीनं घड्याळाकडे बघितलं. चष्म्यांसाठी नव्हे, भिमाजींसाठी.

वस्तीवर मोतीबिंदू झालेली आठ माणसं होती. चष्मा त्यांच्या कामाचा नव्हता, त्यांना शस्त्रक्रिया हवी होती. दौंडच्या एका दवाखान्यात ती फुकट होणार होती, पण यादी आज चार वाजता बंद होणार आणि पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी. आठातले सात जण भिमाजी कोळेकरांच्या तोंडाकडे बघत होते. "आबा गेले तर आमी," एवढंच त्यांचं म्हणणं. आबांचं वय सत्तर. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. डाव्या डोळ्यानं आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा, आणि उजवाही त्याच वाटेनं निघाला होता. धनश्री चार वेळा त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. चौथ्या वेळी ते म्हणाले, "पोरी, आधी ते चष्मे येऊ दे. ज्याचा त्याला आला, तर माझा डोळा तुमचा."

आणि आता आबा समाजमंदिराच्या भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. त्यांना दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

तेवढ्यात सरपंच बबनराव आले. त्यांना झालेला प्रकार सांगितला.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "यादी हाय, डब्या हायत. पहिल्या नावाला पहिली डबी. सुरू करा. मला अकराला तहसीलला जायचंय."

"आप्पा, पण नंबर वेगवेगळे असतात," धनश्री म्हणाली, "आणि कुठल्या चष्म्याचा कुठला, ते काचेवर लिहिलेलं नसतं..."

"आगं, सवय हुते. नवी चप्पल चावत न्हाई का चार दिस?"

वाटप सुरू झालं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पहिल्या नऊ जणांनी जागीच चष्मे चढवले. त्यातले चार पायरी नसलेल्या ठिकाणी पायरी उतरले. रतनबाई बाहेर पडताना दाराची चौकट धरायला गेली आणि तिनं सरपंचांचा कान धरला. भिमाजींच्या बायकोनं, दगडाबाईनं, चष्मा घालून पिशवीतली सुई बाहेर काढली, लांब धरली, जवळ धरली आणि चष्मा काढून इंद्रजीतच्या हातात दिला.

"साहेब, सकाळपातुर मला सुईचं भोक दिसत नव्हतं. आता सुईच दिसंना."

वस्ती हसली. पण ते हसणं धनश्रीला आवडलं नाही. फुकटच्या वस्तूकडून आपण दुसरी कसली अपेक्षा धरून बसलो होतो, असं ते हसणं होतं.

इंद्रजीतनं परिस्थिती गांभीर्यानं घेतली. म्हणजे त्यानं चारही भागीदारांना फोनवर एकत्र घेतलं. चष्मेवाला लग्नाला गेला होता, त्याचा फोन बंद होता. तेव्हा स्टिकर गरम पाण्यात भिजवून सावकाश काढावं, असं ठरत आलं. मग कुणाचं काढायचं, हा प्रश्न निघाला.

"चिठ्ठी ज्याच्या खाली आहे त्याचं," इंद्रजीत म्हणाला.

"म्हणजे आमचं," फोनमधून कंपनीच्या स्नेहल मॅडम म्हणाल्या. "मग बाकीच्यांचे तीन राहणार आणि आमचं नाही? मला वर विचारावं लागेल."

"मग सगळीच काढा," संस्थेनं सुचवलं.

"पंचायतीचं काढायचं न्हाई," बबनराव मध्येच म्हणाले. "आमच्याच गावात आमचाच फाडताय व्हय?"

आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले की लेखी पत्र आलं तर त्यांची काही हरकत नाही. पत्राचा मसुदा कुणी करायचा, इथवर चर्चा पोचली तेव्हा पाऊण तास गेला होता, आणि गरम करायला ठेवलेल्या पाण्याचा कुणीतरी चहा केला होता.

भिंतीकडून काठी आपटल्याचा आवाज आला.

"ए साहेब," भिमाजी म्हणाले, "सांच्याला आमी वाड्यातली कोकरं सोडतो. बाहेर दीडशे मेंढ्या. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, ती काय तुमची यादी वाचून ठरवतो व्हय आमी?"

"मग कसं ठरवता, आबा?"

"आमी कुठं ठरवतो! ती ठरवत्यात. दुसऱ्याच्या आईपाशी गेलं की ती ढुशी देती. ढुशी खाल्ली की पुढं जातं. चहा व्हायच्या आत समदी लागलेली असत्यात." आबा थांबले. "चष्मे डब्यांतनं बाहेर काढा. आन् एकेचाळीस माणसं गोल बसवा."

इंद्रजीतनं धनश्रीकडे बघितलं. धनश्री आधीच डब्या उघडत होती.

घोंगडी अंथरली. सगळे गोल बसले. प्रत्येकाच्या पुढ्यात मूठभर तांदूळ, जवळचं बघायला. लांबचं बघायला बांधावर चरणारी शेरडं. तांदळातले खडे दिसले पाहिजेत आणि शेरडं मोजता आली पाहिजेत, ज्याला जे दिसत नसेल ते. नाही दिसलं तर चष्मा उजवीकडच्या माणसाला द्यायचा. भिमाजींनी काठी आपटली की चष्मे सरकायचे.

"ह्यातनं माझं मालक दोन दिसत्यात," रतनबाई म्हणाली.

"मग दे फुडं लवकर," दगडाबाई म्हणाली. "तुला एकच आवरंना."

"माझ्यातनं तर शेरडं म्हशीएवढी दिसत्यात!"

"राहू दे की मग. ईक बाजारात."

चौथ्या काठीला पहिला चष्मा लागला. मग दोन, मग पाच. मुळात एकेचाळीस चष्म्यांत नंबर आठ-नऊच प्रकारचे होते, त्यामुळे गाडी भराभर पुढे सरकली. आपला चष्मा लागलेलं माणूस लगेच ओळखू यायचं. ते गप्प व्हायचं. दगडाबाई तर आपल्या हातांकडेच बघत बसली, पालथे, उताणे, पुन्हा पालथे. मग तिची नजर पुढ्यातल्या तांदळाकडे गेली.

"आगं बया. म्हंजी इतकी वर्सं मी तुमास्नी खडं शिजवून घालत हुते?"

"मला वाटलं, जात तशी हाय तांदळाची," भिमाजी म्हणाले.

धनश्री रजिस्टर घेऊन एकेकाजवळ बसली आणि तपासणीचा तक्ता धरून खात्री करून घेतली. गुरुवारी चष्मेवाला परत आला की पुन्हा एकदा सगळे तपासायचे, असंही तिनं बजावलं. पण चाळीस जणांचं बरोबर लागलेलं दिसत होतं. एक चष्मा उरला. त्याचा मालक वर्तुळात नव्हता.

धनश्रीनं रजिस्टर चाळलं आणि तहसीलहून नुकत्याच परतलेल्या बबनरावांना दबक्या आवाजात म्हणाली, "आप्पा, हा तुमचा."

शिबिराच्या उद्घाटनाला बबनरावांनी फोटोपुरते डोळे तपासून घेतले होते. तपासणाऱ्या मुलीला ते फोटोपुरतं आहे हे कळलं नाही. तिनं नंबर काढला.

"मला काय झालंय?" म्हणत बबनरावांनी चष्मा चढवला. समोर भिंतीवर भागीदारीचा फलक होता. त्याखाली ते दोन महिन्यांत पाच वेळा उभे राहिले होते. आता ते जवळ गेले आणि खालची बारीक अक्षरं वाचू लागले.

"रुग्णांची दौंडला ने-आण... सरपंच, स्वतःच्या वाहनानं?" ते वळले. "हे कवा ठरलं?"

"तुमची सही आहे, सर," इंद्रजीत म्हणाला.

"मी सही केली ती सहकार्याला केली हुती!"

साडेतीन वाजले होते. धनश्री भिमाजींजवळ जाऊन बसली.

"आबा, ज्याचा त्याला चष्मा मिळाला. आता नाव घालू ना?"

भिमाजींनी काठीवरची पकड बदलली. "मिळाला खरं. पर कुणी दिला? आमचा आमी हुडकला. पोरी, तुला बोल लावत न्हाई. पर ज्यांला डबीवर नाव राखता आलं न्हाई, त्यांच्या हातात डोळा द्यायचा? चष्मा बदली झाला तर काढून फुडं देता येतो. माझ्या डाव्याच्या जागी उजवा कापला, तर तो कुणाकडं सरकवायचा?"

पलीकडचे सातही जण हो म्हणून माना हलवू लागले. खरं तर धनश्रीलाही ते म्हणणं पटलं होतं, आणि पंचाईत तीच होती.

दगडाबाई उठली. चष्मा नाकावरून किंचित खाली घेत तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मेंढरं दुसऱ्याच्या कळपात जायची असली की काय करता?"

"खूण करतो."

"मग?"

ती घरातून मेंढरं रंगवायच्या लाल रंगाचा डबा घेऊन आली. आठही जणांना ओळीनं बसवलं. ज्याला विचारलं त्यानं आपला आजारी डोळा हातानं झाकून दाखवायचा, धनश्रीनं रजिस्टरात बघून हो म्हणायचं, आणि मगच दगडाबाईनं त्या बाजूच्या भुवईच्या वर, कपाळावर, बोटानं ठिपका द्यायचा. भिमाजींना डावीकडं. त्यांच्या चुलत बहिणीला, हौसाबाईला, उजवीकडं. चार वाजायला सात मिनिटं कमी असताना आठ नावं दौंडला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांची पांढरी गाडी वस्तीवर आली. आठ माणसं, धनश्री, दगडाबाई आणि पुढं इंद्रजीत. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला बबनराव स्वतः चालवत होते आणि वाटेतली दुकानांची एकूण एक पाटी मोठ्यानं वाचत होते.

दवाखान्यात आठही जण हिरवे झगे घालून बाकावर बसले. सविता सिस्टर हातात यादी आणि निळं पेन घेऊन आल्या आणि पहिल्याच माणसापुढं थबकल्या.

"हे काय लावलंय कपाळाला?"

"खूण," दगडाबाई म्हणाली. "डोळा चुकू नये म्हनून."

"अहो, तीच करायला आलेय मी," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही पेननं करतो." त्यांनी ओल्या कापसानं ठिपका पुसून बघितला. "हा निघत का नाही?"

"निघला तर खूण कसली?"

सिस्टर हसल्या आणि यादी ठिपक्यांशी पडताळू लागल्या. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. पाचव्या नावाशी त्या थांबल्या.

"हौसाबाई कोळेकर. यादीत डावा आहे. ठिपका उजवीकडं."

धनश्रीनं रजिस्टर उघडलं. उजवा. आतून डॉक्टर आले, त्यांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाले, "उजवाच आहे. ही यादी टाईप कुणी केली?"

इंद्रजीतनं हात वर केला. काल चार वाजायला सात मिनिटं उरली होती तेव्हा, चारही भागीदार फोनवर असताना, त्यानं ती टाईप केली होती. त्याचा चेहरा इतका पडला होता की हौसाबाईलाच त्याची दया आली. "असू दे, बाळा," ती म्हणाली. "आमी आणलंय की लिहून."

डॉक्टरांनी सगळ्यांचे डोळे पुन्हा स्वतः तपासायला घेतले, आणि यादीपेक्षा आधी ठिपका बघायचा, असं सिस्टरना सांगितलं. पण धनश्रीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती. भिमाजी शेवटी बसले होते, आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

त्यांनी काठी चाचपली. उठून उभे राहिले. बाकीचे सात जणही अर्धवट उठले.

"आबा, थांबा," धनश्री म्हणाली, "ऐका तरी..."

"ऐकलं की. आजच्या वाट्याची चूक झाली न्हवं ह्यांची?"

धनश्रीनं रजिस्टर मिटलं. "झाली," ती म्हणाली.

"मग मला कशाला शेवटाला बसवलंय?" भिमाजींनी सिस्टरच्या आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. "आत्ता घ्या आधी. हिच्यापरीस चांगली येळ घावायची न्हाई."