नुसतं पाणी चालेल

मोताळ्याच्या पंजाबरावांनी आयुष्यात एकच परीक्षा दिली होती, चौथीची, आणि तीही दोनदा. ही दुसरी मात्र पहिल्याच झटक्यात पास होणार, असं त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगून टाकलं होतं!

ही परीक्षा बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे होती. पंजाबरावांच्या रक्तात साखर वाढली होती. इन्सुलिनची सुई टोचायची आणि साखर किती भराभर उतरते, ते दोन तास मधूनमधून रक्त काढून बघायचं. उतरली, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन वाट्या आमरस मंजूर. नाही उतरली, तर एक थेंबही नाही! आणि लेकीच्या लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. शेजारी नवा जावई रस चापणार आणि सासऱ्याच्या ताटात मेथीची भाजी? पंजाबरावांना झोप लागत नव्हती.

"तोंडात काही घालायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "नुसतं पाणी चालेल. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच मला हाक मारा."

"मले घाम? अहो, भर उन्हात गाडीभर कडबा एकटा रचतो मी!"

सुई टोचली. अर्ध्या तासात पंजाबराव रांजणासारखे पाझरू लागले! हात लटपटू लागले.

"डॉक्टरले बलावू का?" झुंबरबाई घाबरून नवऱ्याला म्हणाल्या.

"चूप बस! नापास करन तो मले."

"मंग पानी तरी घ्या."

पाण्याला परवानगी होतीच. पण घामाघूम माणसाला कोरडं पाणी देणारी बाई मोताळ्यात अजून जन्माला यायची होती! झुंबरबाईंनी आधी गुळाचा खडा हातावर ठेवला, मग तांब्या दिला. मेहुणा सहदेव बाहेरून आला, त्यानंही भाऊजींना गूळ-पाणी दिलं. बाकावर वडनेर भोलजीच्या विमलबाई होत्या. ओळख ना पाळख, पण त्यांच्याही पिशवीत गूळ निघाला. पंजाबरावांनी कोणाचाच मान मोडला नाही. घामही पळाला!

दुपारी डॉक्टर कागद घेऊन आले.

"पंजाबराव, साखर उतरायची सोडून चढली! तुमचं शरीर इन्सुलिनला जुमानतच नाही. घाम आला होता?"

"बिलकूल नाई!" पंजाबरावांनी छाती फुगवली.

"मग आमरस बंद. आणि इन्सुलिन दुप्पट."

"दुप्पट नोका देऊ!" झुंबरबाई ओरडल्या. "एकाच सुईनं जीव चालला होता यांचा! म्हून त मी पानी देल्लं."

"नुसतंच ना?"

"हाव, नुसतंच. गुळासंगं."

"मी बी देल्लं," सहदेव म्हणाला. विमलबाईंनी बाकावरूनच हात वर केला.

डॉक्टरांनी कपाळ बडवलं. "अहो, घाम फुटला म्हणजे सुई काम करत होती! तुम्ही पास होत होता! आता परत शुक्रवारी या. उपाशी."

"शुक्रवारी त आखाजी हाय!"

पण इलाज नव्हता. आखाजीला पंजाबराव एकटेच त्या बाकावर बसले. घाम फुटताच पाहुणा आल्यासारखे ओरडले, "डॉक्टरसाहेब! आला, आला!" आणि पास झाले! दोन वाट्या मंजूर!

उन्हातून तापत, धापा टाकत ते घरी पोचले. ओसरीवर जावई पोटावर हात फिरवत बसला होता.

"मामाजी, तुमचा वाटाही मीच संपवला. तुम्हाला चालत नाही म्हणे!"

पंजाबराव मटकन खाली बसले. झुंबरबाईंनी लगबगीनं तांब्या पुढं केला. त्यांनी सवयीनं दुसरा हात पसरला.

"गूळ?"

"नाई बा," झुंबरबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगतलं ना, नुसतं पानी!"