आईनं घेतलेलं औषध

टोमॅटोवर फवारणी आटोपून ठाऊकराव घरी आला, तर खिडकीतली बाटली जागेवर नव्हती.

कोणी काही सांगायला तोंड उघडलं, की "मला ठाऊक आहे" म्हणायची सवय. म्हणून सगळे त्याला ठाऊकराव म्हणत. परवा कीटकनाशकाच्या डब्याचं झाकण तडकलं, तेव्हा उरलेलं औषध त्यानं खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं होतं. "निदान वर चिठ्ठी तरी चिकटवा," बायको म्हणाली. "काय आहे त्यात, मला ठाऊक आहे ना!" ठाऊक त्याला एकट्याला होतं. खोकला मात्र आईला होता.

"आई, इथलं औषध कुठंय?"

"मी घेतलं," शेंगा सोलता सोलता आई म्हणाली.

"सगळं?"

"मग अर्धं कशाला ठेवू?"

"कधी?"

"तू शेतात गेलास, की लगेच."

ठाऊकरावाच्या पायाखालची जमीन सरकली. "ऊठ. दवाखान्यात चल!"

आईनं त्याला निरखलं. लाल डोळे, घामाघूम अंग, थरथरते हात. "बरं झालं, तुझं तुलाच कळलं," असं म्हणून तिनं चपला घातल्या. तिचं धैर्य बघून त्याचे डोळे आणखीच भरून आले.

मोटारसायकलवर तो दर वळणाला विचारत होता, "मळमळतंय का गं?"

"मला नाही. तुला?"

"माझं सोड!"

"सोडू कशी? आई आहे मी तुझी."

दवाखान्यात दोघं एकदमच ओरडली. "हिला बघा!" "ह्याला बघा!"

डॉक्टरबाईंनी आधी आईची नाडी धरली. "आजी, पोटात आग होतेय?"

"भूक आहे पोटात. ह्यानं जेवू कुठं दिलं?"

"अहो, तिनं फवारणीचं औषध घेतलंय!"

"घेतलं म्हणजे? प्यायल्या?"

"प्यायला मला काय वेड लागलंय?" आईनं कमरेची किल्ली काढून टेबलावर आपटली. "खिडकीतून घेतलं, पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. आठ दिवस पितेय मी ते खोकल्याचं. त्याचा वास मला ठाऊक आहे!"

ठाऊकराव मटकन स्टुलावर बसला. हसू का रडू कळेना, म्हणून त्यानं डोळे चोळायला हात वर नेले.

"थांबा!" डॉक्टरबाईंनी मनगट पकडलं. "फवारताना हातमोजे घालता?"

"उकडतं त्यात."

"आणि पंपाची तोटी तुंबली तर?"

"फुंकून मोकळी करतो."

"तोंडानं?"

"नाकानं कशी फुंकणार?" आई म्हणाली.

मग आई स्टुलावर आली आणि ठाऊकराव खाटेवर गेला. कपडे उतरवले, साबणानं चोळून अंग धुतलं, डोळ्यांवर पाण्याची धार धरली, सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत हातांची थरथर थांबली. "अंगात आणखी भिनायच्या आत आलात, म्हणून निभावलं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली त्यांनी पुढे केली.

ती आईनं मधल्यामधे उचलली. "हे औषध मी घेते."

"आई," ठाऊकराव कळवळून म्हणाला, "'ठेवते' म्हण गं!"