नानांच्या सावलीतली सनई

दीपनगरच्या कॉलनीत पितांबरला सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पॉवर हाऊसमध्ये मीटर दुरुस्त करायचा, घरी आला की सोल्डरिंगचं काम घेऊन बसायचा. या मुखदुर्बळपणापायी तीन स्थळं हातची गेली. चौथं पाचोऱ्याचं. मुलगी निर्मला त्याला मनापासून आवडलेली, आणि आज तिचे वडील तोताराम नाना घर बघायला येणार होते.

"चार शब्द बोल रे बाबा," आई सुनंदाबाईंनी हात जोडले.

बोलण्यापेक्षा पितांबरला प्रोग्रॅम लिहिणं सोपं. त्यानं मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये सनईची धून भरली, जोडीला उजेड ओळखणारा सेन्सर लावला आणि सगळं एका छोट्या पेटीत बसवलं. अंधाराचा उजेड झाला की सनई वाजणार. पडदे ओढायचे, पाहुणे बसले की ट्यूबलाइट लावायची, की झालं स्वागत. पेटी शोकेसवर ठेवून तो बिस्किटं आणायला गेला, आणि माउलीनं नेमके पडदे काढून धुवायला टाकले.

नाना अंगानं भरभक्कम. बसले ते खिडकीपुढच्या खुर्चीत, आणि त्यांची सावली थेट पेटीवर. कप उचलायला वाकले, उजेड पडला, सनई सुरू. दचकून मागे टेकले. पुन्हा कप, पुन्हा सनई. शेवटी ते सोबत आलेल्या बहिणीच्या, सुंदरबाईंच्या, कानाशी झुकले.

"हाऊ पोऱ्या मुका शे का? घरच बोली ऱ्हायनं."

पोरगा गप्प आणि घरच बोलतंय, हे सांगायला झुकले आणि सनई तिसऱ्यांदा वाजली.

घर बघायच्या दिवशी सनई वाजली म्हणजे सुपारी फुटली, हे काय कॉलनीला सांगायला हवं? शेजारच्या प्रमिलाबाई ताट घेऊन धावल्या, मागोमाग पाच-सहा जणी. नानांच्या कपाळी कुंकू, तोंडात अख्खा पेढा.

"अभिनंदन हो व्याही. तारीख कोणती?"

पेढ्यानं नानांचं तोंड बंद. पितांबर गप्प बसला असता तर लग्न आपोआप जमत होतं. पण असं फसवून? छे, त्याला ते सहन होईना.

"थांबा मावशी. नानांनी हो म्हटलेलं नाही. सनई माझ्या पेटीनं वाजवली." मग सेन्सर काय, सावली काय, चुकलं कुठे, तो तब्बल दहा मिनिटं बोलला. "निर्मला मला फार आवडली. पण नानांवर जबरदस्ती नको," हेही बोलून गेला.

नानांनी पेढा गिळला.

"मी नाही म्हणायलाच आलो होतो," ते म्हणाले. "पोरगा बोलत नाही म्हणून. आता कळलं, बोलतो, आणि स्वतःचं नुकसान होत असलं तरी खरं बोलतो. सुपारी आणा, ताई."

सुनंदाबाई सुपारी आणायला धावल्याच.

"फक्त ती पेटी पाचोऱ्याला आणू नका, जावईबापू," नाना म्हणाले. "आमच्याकडे दिवसातून आठ वेळा लाईट जाते-येते. रोज आठ लग्नं कुठून लावू?"