वेळेआधीची हळहळ

जुना पूल हॉकी क्लबाने संघाची पुनर्बांधणी करायची ठरवली, तेव्हा खेळाडू सगळे तेच ठेवले आणि प्रेक्षक बदलले. बदललेल्यांत मी होतो.

निर्णय सांगायला क्लबाचे सेक्रेटरी रणपिसे स्वतः माझ्या घरी आले, हा त्यांचा चांगुलपणा. नाहीतर खडकीत हल्ली कोण कुणाकडे जातं? मी घाईघाईने खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले आणि चहा टाकला. रणपिसे रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसले.

"निंबरेकाका," ते म्हणाले, "संघ सारखा तळाला आहे. काहीतरी बदलायलाच हवं."

"मग लेफ्ट हाफ बदला," मी म्हणालो. "तो चेंडू घेऊन पुढे जातो आणि परत यायचं विसरतो. लग्नघरी निरोप द्यायला पाठवलेला माणूस जेवूनच परतावा, तसं त्याचं आहे. आणि गोलकीपरला सांगा, जरा धीर धर म्हणावं. समोरचा अजून वर्तुळात शिरलेला नसतो आणि हा बाहेर धावत सुटतो."

"हे सगळं समितीपुढे आलं. पण नवा लेफ्ट हाफ घडवायला वर्षं जातात. प्रेक्षक तयार मिळतात."

रणपिसेंनी मग सगळ्यांचाच आढावा सांगितला. दिवेकरांच्या शिट्ट्या ठीक आहेत. थोरवेबाईंच्या शिव्यांना पूर्वीची धार राहिली नाही, पण उत्साह आहे, म्हणून त्यांना राखीव ठेवलंय. राहता राहिलो मी. माझं काम हळहळीचं. आमचा खेळाडू गोल चुकला, की "अरेरेरे" असा सूर सगळ्यांत आधी मी लावायचो आणि मग बाकीचे तो उचलायचे.

"हळहळीत तुमचा हात धरणारा कोणी नाही," रणपिसे म्हणाले. "पण ती लवकर येते."

"लवकर म्हणजे?"

"चेंडू बाहेर जायच्या आधी. पूर्वी तो गेल्यावर यायची. मग जाता जाता यायला लागली. गेल्या मोसमात तर एडविन स्टिक मागे नेतो न नेतो तोच तुमचं अरेरे. पोरगं ते ऐकतं आणि मग बाहेर मारतं."

मी जरा विचार केला. "तो बाहेर मारणार हे मला दिसतं म्हणून मी हळहळतो, की मी हळहळतो म्हणून तो बाहेर मारतो?"

"त्यात शिरायचं नाही असं समितीने ठरवलंय," रणपिसे म्हणाले आणि चहा संपवला.

आता एडविन पाटोळेबद्दल सांगायला हवं. हा आमचा सेंटर फॉरवर्ड. शाळेच्या संघातून आला तेव्हापासून मी त्याला बघतोय. पायात वेग, मनगटात जादू, चेंडू असा घेऊन जाईल की बचाव करणारा आपलेच बूट बघत राहील. पण गोलसमोर आला, की मनात शंका शिरते. शंका शिरली की त्याचा डावा खांदा पडतो आणि खांदा पडला की चेंडू बाहेर. हे प्रशिक्षकाला माहीत नाही, त्याच्या आईलाही माहीत नसेल. मला माहीत आहे. बाकीचे चेंडू बघत, मी खांदा बघायचो. उपटसुंभासारखी आलेली हळहळ नव्हती ती माझी. जाणकाराची होती.

पण जाणकाराला विचारतो कोण?

मला फार लागलं. माझी बायको कुमुद गेल्यापासून माझं बोलणं म्हणजे रविवारचंच. एरवी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणतो, आणि दूध गॅसवर ठेवलं की स्वतःलाच "लक्ष ठेव हं" म्हणतो. आठवडाभर घसा नुसता गिळायला वापरायचा आणि रविवारी मैदानावर मोकळा करायचा, असं चाललेलं. तेवढंच गेलं.

"मोसमाच्या शेवटी फेरविचार करू," जिन्यापाशी रणपिसे म्हणाले. "हळहळ वेळेवर यायला लागली तर. शब्द देतो."

कुठल्याच क्लबाचा नसलेल्या प्रेक्षकाला मैदानात सोडत नाहीत, हा लीगचा जुना नियम. म्हणून क्लबाने मला निगडीच्या सुवर्णरेखा संघाला देऊन टाकलं. बदल्यात त्यांच्याकडून टाळ्या वाजवणारे दोघे घेतले. एकाला दोन म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं होतं. पुढे कळलं की ते बापलेक आहेत, एकाच स्कूटरवर येतात आणि त्यांना वेगळं करता येत नाही.

सुवर्णरेखा हरत नाही. तिथल्या प्रेक्षकांच्या प्रशिक्षक बेहेरेबाई. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचे लोक एकदम उठायचे, एकदम बसायचे, आणि गोल झाला की ठरलेल्या वेळाने टाळ्या थांबवायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी मला टोकाची जागा दाखवली आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायला सांगितल्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "हळहळ लागट असते. जिंकणाऱ्या लोकांत पसरली तर आवरायची कशी?"

मी राग मानला नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण मोसमभर माझ्याशी कोणी बोललं नाही, हेही खरं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना मी एकदा म्हणालो, "तुमचा राइट विंगर चेंडू फार वेळ ठेवतो." त्यांनी बेहेरेबाईंकडे बघितलं आणि खुर्ची बदलली. सामने पाच-शून्य, सहा-शून्य असे व्हायचे आणि मी हात मांडीवर ठेवून बसायचो. एकदा समोरच्यांनी गोल केला तेव्हा मी सावरून बसलो, घसाही खाकरला. बाईंनी हातानेच "नको" म्हटलं. तोवर आपले चार झाले होते.

घरी मात्र मी सराव सोडला नाही. दूध गॅसवर ठेवायचं, समोर उभं राहायचं आणि ते उतू जाईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. गेल्यावर हळहळायचं. सुरुवातीला साय नुसती थरथरली तरी माझ्या तोंडून अरेरे निघायचं. मग साय वर चढेपर्यंत थांबता यायला लागलं. मग काठापर्यंत. एका सकाळी दूध काठावरून ओघळून शेगडीवर चरचरलं आणि त्यानंतर माझी हळहळ आली. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारच्या जाचकवहिनी वास येतोय म्हणून दारात आल्याच होत्या.

"रोज दूध उतू जातंय काका. तब्येत बरी आहे ना?"

"सराव करतोय. परत जायचंय जुन्या पुलाला."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

जुन्या पुलाच्या बातम्या मी पेपरात शोधायचो. क्रिकेटच्या पसाऱ्याखाली कुठेतरी दोन ओळी असायच्या. नव्या प्रेक्षकांसमोर संघाने दोन सामने बरोबरीत सोडवले. लेफ्ट हाफ परत यायला लागला म्हणे. हे वाचून मला आनंद झाला. छे, खोटं कशाला बोलू? नाही झाला. मी घसा फोडफोडून "मागे ये रे बाबा" म्हणत होतो तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी, आणि स्कूटरवरच्या बापलेकांनी टाळ्या काय वाजवल्या, हा लगेच आला. एडविनचं मात्र काही छापून येत नव्हतं. म्हणजे खांदा अजून पडत असणार.

मोसमातला शेवटचा सामना नेमका सुवर्णरेखा विरुद्ध जुना पूल, आणि तोही निगडीच्या मैदानावर. जुना पूल हरला तर खालच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तरी तरणार होता. टर्फवर पाणी मारणं चालू होतं, तेव्हा रणपिसे पलीकडच्या बाजूने चालत आले.

"समितीने मला आज तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय," ते हळूच म्हणाले. "वेळ सांभाळा, काका."

ते वळतात न वळतात तोच बेहेरेबाई माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसल्या. मोसमात पहिल्यांदा तिथे कोणी बसलं होतं.

"आज तुमचं काम आहे," त्या म्हणाल्या. "यासाठीच तुम्हाला घेतलं होतं. पाटोळे गोलसमोर आला की हळहळा. लवकर. पूर्वीसारखं."

"बाई, तो माझा दोष. त्यापायीच मला काढलं."

"त्यांच्याकडे तो दोष होता. आमच्याकडे गुण आहे."

"आणि नाही आली तर?"

"तर सोडावं लागेल. मोसमाच्या शेवटी सुटलेल्या प्रेक्षकाला कोणी घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच." त्या उठल्या. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. लवकर हळहळलो तर एडविन चुकणार, क्लब बुडणार आणि रणपिसेंसमोर माझा निकाल लागणार. नाही हळहळलो तर कुठल्याच मैदानाचं दार मला उघडं नाही.

सामना मी कसा बघितला ते माझं मला ठाऊक. लेफ्ट हाफ खरोखरच परत येत होता. गोलकीपर थांबून पुढे येत होता. मला माझा संघ ओळखूच येईना. समोरच्या बाजूला थोरवेबाई राखीवमधून उठून बापलेकांच्या शेजारी बसल्या होत्या आणि तिघे मिळून काहीतरी खात होते. सुवर्णरेखा दोन, जुना पूल एक. एडविन दोनदा चेंडू घेऊन आला, पण दोन्ही वेळा वर्तुळाबाहेरच अडवला गेला, त्यामुळे माझ्यावर वेळ आली नाही.

सामना संपत आला असताना चेंडू गोलरेषेवर पोचला आणि सुवर्णरेखाच्या बचावपटूने तो पायाने अडवला. पंचाने पेनल्टी स्ट्रोक दिला. मारायला एडविन आला.

चेंडू ठिपक्यावर, समोर एकटा गोलकीपर, मागे एकटा एडविन. बेहेरेबाईंनी माझ्याकडे मान वळवली. पलीकडून रणपिसेही माझ्याकडेच बघत होते. मी कोणाकडे बघितलं नाही. मी खांदा बघितला. तो पडला होता.

हळहळ पोटातून निघाली आणि घशाशी आली. हुकमाची होती असं म्हणता येणार नाही. हुकूम नसता तरी आलीच असती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शिट्टी झाली. एडविन थांबला. नुसता थांबला, आणि त्याने क्षणभर समोरच्या बाजूला, मी पूर्वी ज्यांच्यात बसायचो त्यांच्याकडे बघितलं. तिकडून काहीच आलं नाही. माझ्याकडूनही नाही. मग त्याचा डावा खांदा हळूहळू वर आला, उजव्याच्या बरोबरीला आला, आणि त्याने चेंडू ढकलला. गोलमधली फळी धाडकन वाजली.

दोन-दोन. लगेच शेवटची शिट्टी झाली.

सुवर्णरेखाचे लोक गोंधळले. हातचा सामना असा सुटला तर काय करायचं असतं, ते त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. कोणी अर्धवट उठलेलं, कोणाचे हात टाळीसाठी वर आलेले. बेहेरेबाईंनी माझ्याकडे बोट केलं. आता खरोखर माझी वेळ होती. समोर थोरवेबाई स्कूटरवाल्याच्या गळ्यात पडल्या होत्या, दिवेकर शिट्टी वाजवत धावत सुटले होते आणि एडविन स्टिक उंच धरून त्यांच्याकडे पळत चालला होता. या गोलची मी इतकी वर्षं वाट बघितली. तो झाला, आणि मी तिकडे नव्हतो.

मग हळहळ आली. सावकाश आली, लांबवर गेली. आधी पुढच्या रांगेने उचलली, मग सगळ्या बाजूने. आयुष्यात एवढी चांगली हळहळ माझ्याकडून कधी झाली नव्हती, आणि ती अगदी वेळेवर होती.

रणपिसेंनी येऊन हात मिळवला. "अचूक वेळ. समितीला काही आक्षेप नाही."

"मग परत कधीपासून येऊ?"

"काका, पोरं आता मारायला लागलीत. हळहळीची जागाच आम्ही काढून टाकतोय."

"तुम्ही शब्द दिला होता."

"फेरविचाराचा दिला होता. आत्ताच केला." त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

बेहेरेबाईंनी एवढंच विचारलं, "लवकर नाही आली?"

"नाही आली."

"बरं. पण नंतरची चांगली होती. आमचे लोक घाबरले होते, त्यांना काहीतरी करायला मिळालं. पुढेही लागेल असं वाटतंय. तुम्हाला कायम करते."

मी आभार मानले. नाही कशाला म्हणायचं? घरी जाऊन दुसरं काय करणार होतो?

फाटकाबाहेर जुन्या पुलाची बस उभी होती. एडविन पायरीवर बसून बुटाचे बंद सोडत होता. मला बघून उठला.

"काका, मला वाटलं तुम्ही आज आलाच नाहीत. आवाज नाही आला तुमचा."

"आलो होतो. त्या बाजूला होतो."

"मी थांबलो होतो तुमच्यासाठी. तुम्ही अरेरे केलंत की मारायचं, अशी सवय झालीय. मग एकट्यानेच मारावं लागलं."

"तुझा खांदा पडला होता."

"माहितीय. तो पडला की तुमचं अरेरे येतं, हे मला शाळेपासून माहितीय." त्याने बूट पिशवीत टाकले. आतून त्याला हाका मारत होते. "आता तुम्ही त्यांचेच?"

"कायम केलंय त्यांनी."

तो पायरीवर चढला आणि दांडा धरून खाली वाकला. "मग पुढच्या वर्षीही माझ्या वेळी असेच गप्प बसाल?"

"बसेन," मी म्हणालो.